पत्रा आणि रेंज : लोखंडी गाडीतून रेडिओलहरींची ये-जा

मोटारीच्या टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. बोटाने दाबला तर लवतो, गारा पडल्या तर पोचे येतात. रेडिओलहरीला मात्र तो ओलांडता येत नाही. लहर धातूवर आदळली की पृष्ठभागातले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलू लागतात आणि त्यांच्या डोलण्यातून निघणारी लहर मूळ लहरीला खोडून काढते. १ गिगाहर्ट्झची लहर ॲल्युमिनियममध्ये अडीच-तीन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या तीनशे-चारशेव्या भागाइतकी, आत जाईपर्यंत तिचा जोर एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. पोलादात तर ती त्याआधीच विझते. ‘जड पत्र्याच्या गाडीत रेंज येत नाही, हलक्या पत्र्याच्या गाडीत येते’ ही गॅरेजातली समजूत त्यामुळे खरी नाही. एसटी महामंडळाने काही वर्षांपूर्वी लालपरीची ॲल्युमिनियमची बांधणी सोडून माईल्ड स्टीलची धरली. प्रवाशांच्या सुरक्षिततेत त्याने फरक पडला, पण मोबाइलच्या रेंजेत पडायचे काही कारण नव्हते. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पातळ फॉइलसुद्धा या बाबतीत पत्र्याच्या तोडीस तोड आहे.

मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये बारा फुटी खोलीला धातूचा वर्ख लावला, बाहेरून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि आत विजेचा मागमूस लागत नाही हे दाखवले. मोटार हा असाच पिंजरा, असे शाळेच्या पुस्तकात सांगतात. ते निम्मेच खरे. फॅरडेची खोली बंद होती. मोटारीला पुढे-मागे काचा असतात, दारांना फटी असतात, बुडाला वायर जायची भोके असतात. गाडीत रेडिओ ऐकू येतो की नाही, हे पत्रा नव्हे, ही भोके ठरवतात.

भोकातून लहर जाते की नाही, याचा ठोकताळा सोपा आहे. भोकाची सर्वांत लांब बाजू लहरीच्या लांबीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून मोठी असेल तर लहर सहज आत येते. त्याहून भोक जितके लहान, तितकी आतली लहर झपाट्याने क्षीण होते. इथे रुंदीपेक्षा लांबीला महत्त्व आहे. दाराची फट कागद सरकेल एवढीच असली, पण हातभर लांब असली, तर तिच्यातून योग्य लांबीची लहर झिरपते. फटीची दिशाही महत्त्वाची असते : आडवी फट उभ्या डोलणाऱ्या लहरींना वाट देते आणि आडव्या डोलणाऱ्या लहरींना अडवते. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते, पण कारण सरळ आहे. लहर थोपवायला धातूत प्रवाह वाहावा लागतो. आडव्या फटीने उभा प्रवाह तुटतो, आडव्याला काही होत नाही.

कोल्हापूरच्या हवेत असलेल्या लहरी या फूटपट्टीने मोजल्या की चित्र उलगडते. सांगली आकाशवाणी १९६३ पासून या सगळ्या मुलखात मध्यम लहरींवर ऐकली गेली. तिची १२५१ किलोहर्ट्झची लहर २४० मीटर लांब. कोल्हापूर आकाशवाणी एफएमवर १०२.७ मेगाहर्ट्झला लागते, तिची लहर २.९ मीटर. टोमॅटो एफएमची ९४.३ मेगाहर्ट्झची लहर ३.२ मीटरची. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहर ३३ सेंटिमीटर, १८०० मध्ये १७ आणि फाइव्ह-जीच्या साडेतीन गिगाहर्ट्झला साडेआठ सेंटिमीटर. आता गाडीची मापे पाहावीत. समोरची काच सव्वा ते दीड मीटर रुंद, बाजूच्या काचा त्याच्या निम्म्या-पाऊणपट. म्हणजे मोबाइलच्या लहरींना सगळ्या काचा सताड उघडी दारे. एफएमला फक्त समोरची आणि मागची काच, तीही ओढूनताणून. सांगली केंद्राच्या लहरीपुढे अख्खी मोटार म्हणजे एक खडा. सीटवर ठेवलेला ट्रान्झिस्टर एफएम बऱ्यापैकी वाजवतो, पण मध्यम लहरींवर खरखरतो, त्याचे कारण हेच.

तावडे हॉटेलपाशी महामार्गाच्या पुलाखालून शहरात शिरताना हाच नियम मोठ्या मापावर चालतो. पुलाखालची वाट लॉरी जाईल एवढी उंच असते. तीन मीटरच्या लहरीला ती पुरते, अडीचशे मीटरच्या लहरीला पुरत नाही. मध्यम लहरींवरचे गाणे पुलाखाली बुडायचे आणि पलीकडे पुन्हा वर यायचे. एफएम अशा जागी फार तर कुरकुरते. वडापच्या, म्हणजे शेअर-भाड्याच्या, जुन्या जीपला कापडी हूड असायचे. त्या जीपमध्ये मांडीवरचा ट्रान्झिस्टरही खणखणीत वाजे, कारण डोक्यावर पत्राच नव्हता.

मोटारीला रेडिओ बसवणाऱ्यांना हा धडा एकदा चांगलाच महागात मिळाला. अमेरिकेत १९३० मध्ये पॉल गॅल्विनच्या कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या मोटारींच्या टपाचा मधला भाग कापडी असे. कापडाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी पसरायची आणि तिलाच एरियल म्हणून वापरायचे, ही सोय चांगली चालली होती. १९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने एकसंध पोलादी टप आणला. गाडी मजबूत झाली, पावसात गळायची थांबली आणि रेडिओ मुका झाला. मग एरियल पायठणीखाली बांधून पाहिले. तिथे चिखल उडे, दगड लागत आणि रस्त्याच्या इतक्या जवळ लहरही धड मिळत नसे. शेवटी उभी दांडी बाहेर काढण्यावाचून इलाज राहिला नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला दिमाखात बाहेर निघणारी संस्थानची मेबॅक त्याच दशकातली. मोटारीच्या बाहेर दांडी डोकावू लागली तीही तेव्हाच.

दांडी बाहेर आली आणि एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. आतापर्यंत भिंत म्हणून शत्रू ठरलेला पत्रा आता अँटेनाचा निम्मा भाग झाला. आदर्श उभी अँटेना अर्ध्या लहरीची असते : पाव लहर वर, पाव लहर खाली. खालच्या अर्ध्याच्या जागी सपाट धातू ठेवला तर तो आरशासारखा वागतो आणि वरच्या दांडीचे प्रतिबिंबच खालचा अर्धा भाग होते. म्हणून मोटारीवर पाव लहरीची दांडी पुरते. कोल्हापूर आकाशवाणीसाठी ती ७३ सेंटिमीटर भरते. जुन्या मोटारींच्या मडगार्डावर किंवा समोरच्या काचेच्या खांबाला खेचून काढायची नळीची दांडी असे, तिची उंची साधारण एवढीच असायची, यात योगायोग नाही. सांगलीच्या २४० मीटरच्या लहरीला मात्र ६० मीटरची दांडी लागली असती. तिथे तीच ७०-८० सेंटिमीटरची दांडी फक्त हवेतले विद्युत क्षेत्र चाखत असे, आणि मिळणाऱ्या त्या इवल्याशा संकेतातला बराचसा केबलच गिळून टाकी. म्हणून जुन्या कार-रेडिओच्या अंगावर एक बारीक स्क्रू असायचा. एरियल जोडल्यावर १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे मंद स्टेशन लावायचे आणि आवाज सर्वांत मोठा होईतो तो स्क्रू बारक्या पेचकसाने फिरवायचा. हे न करता रेडिओ बसवणारा कारागीर असला की मालक पुढे वर्षानुवर्षे आकाशवाणीला दोष देत बसे.

आरसा जितका मोठा आणि दांडी त्याच्या जितकी मध्यावर, तितकी लहर सर्व दिशांना सारखी पसरते. म्हणून जाणकार पोलिस जीपवर वायरलेसची दांडी टपाच्या मध्यावर बसवतात. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात पाव लहर साधारण ५० सेंटिमीटरची होते आणि जीपचा टप तिच्याभोवती पुरेसा पसरलेला असतो. तीच दांडी मागच्या बंपरला लावली तर जीपचे धूड तिच्यापुढे आडवे येते. पुढच्या दिशेला ती अर्धवट बहिरी होते. मडगार्डावर लावली तर गाडीच्या लांबीच्या दिशेला जास्त ऐकते, उलट बाजूला कमी. हातातला वॉकीटॉकी जीपच्या आत बसून वापरणे हा तर सर्वांत वाईट प्रकार. पाच वॉटचा संच, आखूड रबरी अँटेना, ती धरलेल्या माणसाचे अंग आणि चारी बाजूंना पत्रा. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पंचगंगेच्या पाण्याने महामार्ग बंद पडला होता. तसल्या वेळी जीपबाहेर उतरून बोलणे आणि जीपमध्ये बसून बोलणे, यांत पत्र्यामुळे जो फरक पडतो तो शक्तीत मोजला तर दहापट सहज असू शकतो.

चुंबकाच्या पायाची अँटेना टपावर ठेवली की झाले, असे दिसते. आणि बहुतेक वेळा होतेही. तिच्या बुडाचा पत्र्याशी थेट संपर्क नसतो. मध्ये रंगाचा पातळ थर असतो आणि रंगाच्या दोन्ही बाजूंचा धातू मिळून एक कपॅसिटर तयार होतो. वरच्या फ्रिक्वेन्सींना तो पूल पुरतो. बुडाखाली वाळूचे कण अडकले, रंगाला पोपडे आले किंवा चुंबक उचलून वाकडा ठेवला तर पूल मोडतो. भोक पाडून बसवलेल्या अँटेनाचे दुखणे वेगळे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिराला टपाला भोक पाडणे हा पाच मिनिटांचा खेळ. खरे काम पुढचे आहे : भोकाच्या कडेचा आतल्या बाजूचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करणे, दातेरी वॉशर आवळणे आणि मग गंज धरू नये म्हणून ग्रीस लावणे. ते राहिले की पहिल्या पावसाळ्यापर्यंत सगळे छान चालते. पुढे गंजाचा थर दांडीला तिच्या आरशापासून तोडतो, आणि दोष संचात शोधला जातो.

पत्र्याचा आणखी एक गुण कुणाच्या ध्यानात येत नाही. इंजिनातल्या प्लगच्या ठिणग्या, अल्टरनेटर, वायपरची मोटर हे सगळे रेडिओत खरखर ओतत असतात आणि बोनेट त्यांना कोंडून ठेवते. पण बोनेट बिजागरीवर फक्त टेकलेले असते. रंगामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध तुटलेला असतो. तो जोडायला विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या मारतात, प्लगच्या टोप्यांत रेझिस्टर घालतात, अल्टरनेटरला कपॅसिटर लावतात. विजेवरच्या गाड्यांत ठिणग्या नाहीत, पण शेकडो व्होल्टचा इन्व्हर्टर आहे आणि त्याची कुरकुर नेमकी मध्यम लहरींत घुसते. परदेशांतल्या काही कंपन्यांनी विजेच्या मोटारींतून मध्यम लहरींचा रेडिओच काढून टाकला. प्रश्न सोडवण्यापेक्षा विचारणाराच घालवण्याचा हा प्रकार आहे.

मोबाइलची तक्रार सगळ्यांत जास्त, आणि खरे तर त्याचीच अडचण सगळ्यांत कमी. साध्या काचांच्या मोटारीत लहरीची शक्ती निम्म्याने ते नव्वद टक्क्यांनी घटते. फोनला एरवी त्याहून मोठे चढउतार पचवायची सवय असते. आत आलेली लहर पत्र्यावरून इकडेतिकडे उसळते आणि गाडीत ठिकठिकाणी उंचवटे-खळगे तयार होतात. त्यामुळे फोन चार बोटे सरकवला तरी रेंजची एखादी कांडी वाढते. जास्त ओढाताण उलट्या दिशेला होते. टॉवर दहा-वीस वॉट ओततो, फोर-जी फोनची मजल मात्र वॉटच्या पाचव्या भागापर्यंत. पत्र्याने हिरावलेली शक्ती भरून काढायला फोन सतत पूर्ण जोर लावतो. म्हणून रेंज दिसते, समोरच्याचा आवाज येतो, पण आपला आवाज त्याला तुटक जातो. आणि घाटात गेलेला फोन खिशात तापतो. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात रेंज जाते तेव्हा गाडीचा पत्रा बिचारा निर्दोष असतो. तिथे डोंगरच आडवा असतो.

कोल्हापूर–पुणे रेल्वेच्या साध्या डब्याच्या खिडकीला आडवे गज असतात, एकमेकांपासून वीतभरापेक्षा कमी अंतरावर. ९०० मेगाहर्ट्झची अर्धी लहर साडेसोळा सेंटिमीटर. म्हणजे तिचा आडवा घटक गजांवर अडतो आणि उभा घटक आत येतो. टॉवरच्या अँटेना बहुधा ४५ अंशांवर तिरक्या असल्याने निम्मे तरी पदरात पडते. वातानुकूलित डब्यात गज नाहीत, पण काच बंद. ती काच साधी असेल तर फारसे बिघडत नाही. उष्णता परतवणारा धातूचा अतिसूक्ष्म थर काचेवर असेल तर लहरीची शक्ती शंभराव्या भागावर किंवा त्याहूनही खाली येते. युरोपातल्या गाड्यांत हा त्रास इतका झाला की स्वित्झर्लंडमध्ये लेझरने त्या थरावर केसाएवढ्या बारीक रेघा कोरून तो तुकड्यांत तोडू लागले. तुकडे लहरीपेक्षा लहान, म्हणून लहर आत येते. उष्णतेची लहर त्याहूनही लहान, म्हणून ती बाहेरच राहते.

मोटारीच्या काचांवरच्या फिल्मबद्दलही एक गोंधळ आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मना मनाई केली ती गुन्हेगारीच्या संदर्भात. रेडिओलहरीला काळा-पांढरा भेद कळत नाही. रंग घातलेली काळीकुट्ट फिल्म तिला पारदर्शक असते आणि जवळजवळ नितळ दिसणारी धातूच्या थराची फिल्म पत्र्यासारखी आडवी येते.

याचा सगळ्यांत रोकडा हिशेब किणी टोलनाक्यावर होतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. या चिकटपट्टीत बॅटरी नसते. नाक्याच्या छतावरची अँटेना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहर सोडते, टॅग त्याच लहरीची शक्ती पिऊन जागा होतो आणि तिचेच परावर्तन कमीजास्त करून आपला क्रमांक कळवतो. चार वॉटच्या हिशेबाने सहा मीटरवर टॅगच्या वाट्याला मोकळ्या हवेत मिलिवॅटचा साधारण बारावा भाग येतो. जागे व्हायला साठावा भाग पुरावा. म्हणजे शिल्लक पाचपट, बस्स. साध्या काचेला त्यातला थोडा वाटा दिला तरी भागते. धातूचा थर असलेल्या काचेने शंभरावा भागच आत सोडला तर टॅग झोपलेलाच राहतो, मागे हॉर्न सुरू होतात आणि नाक्यावरचा मुलगा हातातले यंत्र घेऊन धावत येतो. अशा काचा बसवणारे मोटारनिर्माते आरशामागे थर नसलेली एक छोटी चौकट मुद्दाम सोडतात. टॅग तिथेच लावायचा असतो, डॅशबोर्डजवळच्या कोपऱ्यात नाही. टॅग हातात धरून दाखवण्याची सवयही याच कारणाने फसते : बोटे अँटेनावर येतात, टॅग तिरका होतो, शेजारच्या रांगेतला रीडर तो वाचतो. असे सुटे फास्टॅग काळ्या यादीत टाकायचे धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. टॅग सरळ पत्र्यावर चिकटवला तर तो अजिबात वाचला जात नाही. पत्र्यालगत त्याच्या अँटेनातला प्रवाह प्रतिबिंबाने खोडला जातो. दांडी उभी असली की आरसा मदत करतो, आडवी निजली की तोच आरसा तिला मारतो.

जीपीएसचे नाते फक्त आकाशाशी. वीस हजार किलोमीटरवरून येणारी त्याची लहर इथे पोहोचते तेव्हा इतकी क्षीण असते की टोलनाक्याची लहर तिच्यापुढे वणवा वाटावी. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा कळवणारे यंत्र आणि मदतीचे बटण बंधनकारक झाले. असले यंत्र चोराच्या हाती लागू नये म्हणून आत खोल दडवतात. वरचा डॅशबोर्ड प्लास्टिकचा आणि त्यावर तिरकी काच असेल तर ते चालते. त्याच्यावर पत्र्याची पट्टी किंवा एसीचा धातूचा खोका आला की नकाशावरची बस डेपोतच उभी दिसते. यंत्र कुठेही दडवावे, अँटेनाची चकती मात्र टपावर किंवा काचेखाली हवी.

मुंबईला दूध नेणारे स्टेनलेस स्टीलचे टँकर आणि मालाचे बंद कंटेनर हे खरे फॅरडेचे पिंजरे. त्यांना खिडकी नाही. दुधाचे तापमान सांगणारा बिनतारी सेन्सर आत सोडला तर तो आतच बोलत राहतो. इथे एकच मार्ग : सेन्सर आत, वायर भिंतीतून बाहेर, अँटेना बाहेर. बाजारात मिळणारे ‘रेंज बूस्टर’ बसवणे हा मार्ग नव्हे. परवान्याशिवाय ते वापरणे बेकायदा आहे आणि एका गाडीतला असला बूस्टर भोवतालच्या टॉवरवर गोंगाट ओतून इतरांचे फोन बिघडवतो. लांबच्या बसमध्ये इंटरनेट द्यायचे तर टपावर अँटेना, आत राउटर आणि प्रवाशांचे फोन राउटरला जोडलेले, ही रचना सरळ आहे. फोनच्या बाहेरच्या लहरीला पत्रा ओलांडायला लावण्यापेक्षा ते काम केबलवर सोपवलेले बरे.

फायबरच्या टपाच्या केबिनी आणि काचेच्या छताच्या मोटारी यांनी प्रश्नाची बाजू पालटली आहे. उसाच्या ट्रॅक्टरच्या फायबर केबिनीत फोनला उत्तम रेंज येते, पण तिच्या टपावर वायरलेसची दांडी बसवली तर ती दुबळी पडते. चुंबक चिकटत नाही, आणि चिकटवण्याची काही युक्ती केली तरी खाली आरसा नाही. अशा वेळी टपाच्या आतल्या बाजूने, अँटेनाच्या बरोबर खाली, दीडशे मेगाहर्ट्झसाठी निदान एक मीटर व्यासाचा पत्रा किंवा तेवढी तांब्याची जाळी चिकटवतात आणि केबलचे बाहेरचे वेष्टण तिला जोडतात.